दुर्मिळ, मर्यादित आणि प्रमाणपत्रासह

गेली बावीस वर्षं मी लोकांचे पैसे मोजतो आहे. सुरुवातीला हातानं मोजत होतो, आता यंत्र मोजतं आणि मी यंत्राकडे बघत बसतो. पगार मात्र अजून मलाच मिळतो, यंत्राला मिळत नाही. एवढ्या एका बाबतीत आमच्या बँकेनं विज्ञानाला आवर घातलेला आहे.

पैशाशी इतकी घसट असूनही नाणी जमवायचा नाद मला कधी लागला नाही. हलवायाच्या पोराला पेढ्याचं कौतुक नसतं, तसलाच प्रकार. चिल्लरीची थैली म्हटली की मला तीवरचं अशोकस्तंभाचं शिल्प आठवत नाही, कमरेतली उसण आठवते. लहानपणी मात्र बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझाही एक संग्रह होता. आजोबांनी दिलेला भोकाचा पैसा, कडेला महिरप असलेली दहा पैशांची ॲल्युमिनियमची नाणी, षटकोनी वीस पैसे, असा तो ऐवज. एका उन्हाळ्यात तो सगळा संग्रह मी एका कुल्फीच्या बदल्यात विकला. भोकाचा पैसा तेवढा परत आला, कारण कुल्फीवाला म्हणाला, "ह्याच्यातनं माझा फायदा गळून जाईल."

त्या दिवसापासून नाण्याची किंमत म्हणजे कुल्फीवाला देईल ती, अशी माझी व्याख्या आहे. पुढे बी.कॉम.ला आमच्या सरांनी उपयोगिता मूल्य आणि विनिमय मूल्य या विषयावर चाळीस पानं उतरवून दिली. त्यातही कुल्फीवाल्यापेक्षा जास्त काही नव्हतं, आणि कुल्फी तर नव्हतीच.

तर अशा अरसिक माणसाला नाण्यांविषयी लिहायची पाळी का आली, ते सांगतो.

आमच्या काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी येतं, इकडे तिकडे बघतं आणि मूठ उघडतं. मुठीत २०१२ सालचं, माता वैष्णोदेवीची छबी असलेलं पाचाचं किंवा दहाचं नाणं असतं. "साहेब, ह्याचे पाच लाख येतात म्हणे. कुठल्या खिडकीवर?" मी शांतपणे सांगतो की, हे रोजच्या व्यवहारासाठी पाडलेलं नाणं आहे, आणि आमच्या खिडकीवर दहाच्या नाण्याचे दहाच मिळतात. त्यांचा विश्वास बसत नाही. मग मी सांगतो की, जुन्या नोटा आणि नाणी विकत घेण्याच्या भूलथापांना बळी पडू नका, आम्ही असले व्यवहार करत नाही आणि त्यासाठी कमिशनही मागत नाही, असं साक्षात रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलेलं आहे. यावर ते माझ्याकडे अशा काही नजरेनं बघतात की, हा गृहस्थ दुपारी डबा खाताना माझं नाणं लंपास करणार. एकांनी तर मूठ मिटून थेट दार गाठलं.

ही झाली एक बाजू. आता नाण्याला दोन बाजू असतात, हे मी वाचकांना सांगायला नको. भाजीवालीकडे जा आणि दहाचं नाणं द्या. ती म्हणते, "हा चालत नाय, दादा. नोट द्या." का चालत नाही? तर ह्याच्यावर रुपयाचं चिन्ह नाही, किंवा ह्याच्यावरच्या रेघा मोजून पंधरा भरतात. ह्या बिचाऱ्या नाण्यासाठी रिझर्व्ह बँकेला २०१८ च्या जानेवारीत पत्रक काढावं लागलं की, दहाच्या नाण्याचे आजवर चौदा नमुने निघाले आहेत आणि चौदाही खरे आहेत. आणि हेच, भाजीवालीनं झिडकारलेलं नाणं, मी एका प्रदर्शनात प्लॅस्टिकच्या डबीत दीडशे रुपयांना बघितलं. डबीवर लिहिलं होतं, 'दुर्मिळ'. तात्पर्य, आपल्याकडे दहाचं नाणं दहा सोडून कुठल्याही किमतीला चालतं.

इथपर्यंत सगळी गंमत होती. मग नानांनी मला पहिला डबा दाखवला.

नाना आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून इमारतीच्या नोटिसांचं लिखाण त्यांच्याकडेच असतं. पाणी येणार नसल्याची वार्ता त्यांच्या अक्षरात वाचली की पाण्याचं दुःख निम्मं होतं. २०१९ साली एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. टेबलावर मखमलीचा डबा, शेजारी भिंग, हातात पांढरे सुती मोजे. मला वाटलं, नाना आता जादूचे प्रयोग करणार.

"तू बँकेतला माणूस. तूच सांग, कसं आहे?"

डब्यात बशीएवढं नाणं होतं. आपल्या सरकारनं काढलेलंच, पण बाजारात न चालवण्याच्या बोलीवर काढलेलं. अशी नाणी टांकसाळ थोरामोठ्यांच्या आणि संस्थांच्या जयंत्यांना काढते आणि छापील किमतीच्या कितीतरी पट दराने संग्राहकांना विकते. नंतर ती व्यापाऱ्यांच्या हातून फिरत फिरत आणखी महाग होतात. नाना भिंगातून मला सिंहाच्या आयाळीचे केस दाखवत होते. "बघ, ही रेषा बघ. साच्यात कोरलीय रे ही, उलटी! किती हात बसलेला असेल त्या माणसाचा!" मी बघितलं. खरोखर सुंदर होतं. मी म्हणालो, "वा! छान आहे, नाना."

हे तीन शब्द लक्षात ठेवा. पुढे मला ते फार महाग पडले.

त्यानंतर डबे येतच राहिले. दर एक-दोन महिन्यांनी एका कंपनीतून नानांना फोन यायचा. पलीकडची मुलगी गोड आवाजात 'सर' म्हणायची. निवृत्तीनंतर नानांना सर म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. जुने विद्यार्थी दिसले की रस्ता ओलांडायचे. ही मुलगी म्हणायची, "सर, हा संच आम्ही फक्त आमच्या निवडक ग्राहकांसाठी राखून ठेवला आहे." आता माझ्या लक्षात येतं की, त्या कंपनीनं पहिलं लेबल नाण्याला लावलंच नव्हतं. ते नानांना लावलं होतं. नाण्यावरची लेबलं मागाहून आली: 'दुर्मिळ', 'मर्यादित आवृत्ती', 'चोवीस कॅरट सोन्याचा मुलामा', 'गुंतवणुकीस योग्य', आणि प्रत्येक डब्यात एक जाडजूड, सोनेरी कडांचं प्रमाणपत्र.

ही प्रमाणपत्रं मी एकदा बैठक मारून वाचली. कारकुनाला कागद वाचायची सवय असते. शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांना कागद दिसतो, आम्हाला मजकूर दिसतो. त्या प्रमाणपत्राचा मजकूर असा की, सोबतच्या डब्यातलं नाणं हे सोबतच्या डब्यातलंच नाणं असून तसं प्रमाणित करण्यात येत आहे. खाली सही. सही कुणाची? ज्यानं विकलं त्याची. म्हणजे मुलाच्या वर्तणुकीचा दाखला मुलानंच लिहून आणण्यापैकी.

चोवीस कॅरट सोन्याचा मुलामाही खरा होता. सोनं चोवीस कॅरटचंच. पण मुलामा इतका पातळ की तो नखानं खरवडून त्याची गुंज करायची म्हटली तर पिढ्या लागतील. आणि मर्यादित आवृत्ती? "फक्त दहा हजार संच!" असं छापलं होतं. दहा हजार ही मर्यादाच आहे, यात वाद नाही. मुंबई लोकलच्या डब्यातली माणसंही मर्यादितच असतात. मर्यादा किती आहे, हा प्रश्नच नाही. हवं असणारे किती आहेत, हा आहे. माझ्या चुलत्यांच्या कवितांच्या वहीची जगात एकच प्रत आहे. दुर्मिळ म्हणाल तर तिच्याइतकं दुर्मिळ दुसरं काही नसेल. पण ती वही विकत घ्यायला आजवर कुणी आलेलं नाही, रद्दीवाला धरून.

ही विद्या काही आपल्याकडे जन्मली असं नाही. अमेरिकेत १९६४ साली फ्रँकलिन मिंट नावाची कंपनी निघाली. नावात मिंट, म्हणजे टांकसाळ, पण सरकारचा संबंध नाही, खाजगी कारभार. पदकं, ताटल्या, काय वाटेल ते 'मर्यादित' म्हणून विकायची. मर्यादा कशी ठरवायची? तर अमुक तारखेच्या आत जितके लोक पैसे पाठवतील तितकेच नग! लग्नाला मोजकीच माणसं बोलावलीयत म्हणायचं आणि जो जो आहेर आणील त्याला मोजक्यात धरायचं, असा हा हिशेब. १९७८ साली तिकडच्या 'सिक्स्टी मिनिट्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमानं हा माल परत विकायला नेला तर काय हाती येतं ते दाखवलं, आणि पुष्कळांच्या भिंतीवरच्या ताटल्या एका रात्रीत जेवायच्या ताटल्या झाल्या.

नानांच्या संग्रहातही एक अमेरिकन पाहुणा होता. सिल्व्हर ईगल म्हणतात त्याला. एक औंस चांदीचं, देखणं नाणं. १९८६ पासून निघतं. हे कडक प्लॅस्टिकच्या पेटीत मोहोरबंद होतं आणि पेटीवर लिहिलं होतं, 'एमएस ७०, फर्स्ट स्ट्राइक'. नानांना वाटत होतं की, साच्यातून निघालेलं हे अगदी पहिल्या काही ठोक्यांतलं नाणं. मलाही तसंच वाटलं. मग मी शोध घेतला, आणि माझी करमणूक झाली.

'फर्स्ट स्ट्राइक'चा अर्थ पहिला ठोका असा नाही. नाणं विक्रीला निघाल्यापासून साधारण पहिल्या तीस दिवसांत टांकसाळीतून बाहेर पडलेलं, एवढाच तो आहे. कुठलं नाणं आधी पाडलं आणि कुठलं नंतर, याची आम्ही नोंदच ठेवत नाही, असं अमेरिकेच्या टांकसाळीनंच लोकांना बजावलेलं आहे. आणि अशी नाणी थोडीथोडकी निघतात असंही नाही. २०१५ या एका वर्षात सिल्व्हर ईगलची चार कोटी सत्तर लाख नाणी विकली गेली. पहिल्या महिन्यात लग्न झालेल्या सगळ्यांनाच 'प्रथम पत्नी' म्हणण्यातला हा प्रकार.

सत्तर आकड्याची कथा तर आणखी सुरस आहे. शाळेत शंभरापैकी गुण देतात, नाण्यांना सत्तरापैकी. का? तर १९४९ साली विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थांनी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांवर पुस्तक लिहिलं. हे मूळचे मानसशास्त्रज्ञ. माणसांची लठ्ठ, पिळदार आणि काटकुळी अशी वर्गवारी करण्याबद्दल प्रसिद्ध. माणसं संपल्यावर ते नाण्यांकडे वळले. जेमतेम ओळखू येणारं झिजकं नाणं एक डॉलरला जात असेल, तर तेच निर्दोष नाणं सत्तर डॉलरला जावं, असा त्यांचा ठोकताळा. म्हणून झिजक्याला एक गुण, निर्दोषाला सत्तर. पुढे बाजारानं तो ठोकताळा केव्हाच मोडीत काढला, पण आकडा राहिला. १९८६ आणि १९८७ साली पीसीजीएस आणि एनजीसी या दोन कंपन्या निघाल्या. त्या नाण्याला गुण देऊन प्लॅस्टिकात बंद करू लागल्या. जुन्या, खोट्यांचा सुळसुळाट असलेल्या नाण्यांच्या बाबतीत ती सोय मोठीच आहे, हे मान्य करायला हवं. पण परवा यंत्रातून निघालेल्या, एकासारख्या एक असलेल्या लाखो नाण्यांतल्या एकाला एकोणसत्तर आणि दुसऱ्याला सत्तर गुण देऊन त्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर पाडायचं, ही सोय कुणाची, हे समजायला बी.कॉम. लागत नाही.

आणि शेल्डनसाहेबांचं पुढे काय झालं? ते १९७७ साली वारले. नंतर असं उघडकीला आलं की, न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम नाणी काढून त्यांच्या जागी ते आपल्याकडची कमी प्रतीची ठेवत असत. कमी प्रतीचं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं नेमकं दुसऱ्या कुणाला कळणार? ज्यानं नाण्यांना गुण द्यायला शिकवलं, त्याला स्वतःला किती गुण द्यायचे, हा प्रश्न सत्तरापैकी सोडवून बघावा.

मला ह्या गुणपद्धतीत आणखी एक गोष्ट खटकते. सगळ्यांत जास्त गुण त्या नाण्याला, ज्याला कुणाचा हात लागलेला नाही. म्हणजे ज्यानं कधी दूध आणलं नाही, बसचं तिकीट काढलं नाही, कुणाच्या ओंजळीत पडलं नाही, ते श्रेष्ठ. आणि जन्मभर राबून गुळगुळीत झालं ते एका गुणाचं. आमच्या बँकेतली बढतीची पद्धत शेल्डनसाहेबांनी ठरवली नसावी, पण त्यांना ती आवडली असती.

असो. २०२४ साली नानांच्या मुलाची नोकरी गेली. त्याच सुमाराला नातीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. नाना मला म्हणाले, "काळजी नाही. डबे आहेत ना! तिच्यासाठीच तर घेत होतो. तू फक्त बरोबर चल. तू असलास म्हणजे कुणी फसवणार नाही."

एका शनिवारी आम्ही डबे घेऊन फोर्टात गेलो. टांकसाळीसमोरून जाताना नानांनी तिच्या इमारतीला नमस्कार केला. व्यापारी वयस्कर होता, बोलायला सभ्य. त्यानं पंचाहत्तर रुपयांचं नाणं हातात घेतलं. २०२३ साली नव्या संसद भवनाच्या वेळी निघालेलं. "पस्तीस ग्रॅम," तो म्हणाला. "निम्मी चांदी. बाकी तांबं, निकेल, जस्त." म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी, जुन्या मापानं दीड तोळा. एकेक नाणं त्यानं काट्यावर ठेवलं आणि एकेक डबा बाजूला सारला. मुलाम्याची नाणी तर काट्यावरही ठेवली नाहीत.

"आणि डबे?" नानांनी विचारलं.

"डबे तुमच्याकडेच राहू द्या."

"प्रमाणपत्रं आहेत प्रत्येकाची."

"तीही राहू द्या."

नानांनी पाच वर्षांत दिलेल्या पैशांचा हिशेब त्यांच्या सुंदर अक्षरात त्यांच्या वहीत होता: एक लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे. व्यापाऱ्यानं आकडा सांगितला: बावीस हजार. मी तावातावानं काही बोलणार, तोच तो म्हणाला, "साहेब, मी नाही विकलं ह्यांना. आणि ज्यानं विकलं त्यानं तरी काय खोटं सांगितलं, दाखवा. शब्द न् शब्द खरा आहे. हौसेला मोल नसतं."

मी प्रमाणपत्रं चाळली. खोटा शब्द सापडेना. 'गुंतवणुकीस योग्य' होतं. 'फायद्याचं' कुठंच नव्हतं.

नाना काही बोलले नाहीत. स्टेशनजवळ ते वडापावच्या गाडीशी थांबले, दोन वडापाव घेतले आणि खिशातून दहाची नाणी काढून पोऱ्यापुढे धरली. पोऱ्या म्हणाला, "हे नाय चालत, आजोबा." तेव्हा नाना इतक्या मोठ्यानं हसले की शेजारचा बूटपॉलिशवाला वर बघायला लागला. मलाही हसू आलं. हसणं ओसरल्यावर नानांनी विचारलं, "तुला माहीत होतं ना रे?"

"थोडा अंदाज होता."

"मग तू 'छान आहे' का म्हणालास?"

"नाणं छानच होतं, नाना."

"ते मलाही दिसत होतं. चित्रकलेचा मास्तर आहे मी. तुला विचारलं ते बँकेतला माणूस म्हणून."

परतीच्या लोकलमध्ये मला बसायला जागा मिळाली, तरी मी उभा राहिलो.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात वळवळतो आहे: शब्द न् शब्द खरा असताना माणूस फसवला जातो, तो कसा? आणि अशा वेळी फसवणारा कोण?

व्यापाऱ्याचं हौसेबद्दलचं म्हणणं मला निम्मं पटतं. नानांनी ती आयाळ भिंगातून बघितली, तो आनंद त्यांनी विकत घेतला आणि तिथल्या तिथे उपभोगला. त्याचे पैसे परत मिळायचे नसतात. नाटक संपल्यावर आपण तिकीट विकायला जात नाही. चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला लावणाऱ्याला कुणी फसलेला म्हणत नाही. कोंबडी रुचकर झाली की झालं. पण त्यांना हौसेच्या भावात विकली गेली ती हौस नव्हती, नातीच्या शिक्षणाची हमी होती. हौस खर्चून संपते; हमी वेळ आली की वटली पाहिजे. एकीचं लेबल दुसरीला लावलं की लेबलातलं अक्षरही खोटं नसतं आणि व्यवहार मात्र खोटा होतो.

मला वाटतं, अशा प्रत्येक लेबलात एक वाक्य अर्धं छापलेलं असतं आणि अर्धं विकणाऱ्याच्या खिशात असतं. 'फक्त दहा हजार संच' हे छापील. 'आणि घेणारे त्याहून कमी' हे खिशातलं. 'गुंतवणुकीस योग्य' हे छापील. 'आमच्या' हे खिशातलं. आपल्याकडे धर्मराजानं हे फार पूर्वी करून ठेवलं आहे. अश्वत्थामा मेला हे त्यानं मोठ्यानं सांगितलं, आणि हत्ती मेला की माणूस हे पुटपुटला. खोटं तो बोललाच नाही. पण तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली आला. लेबल लिहिणाऱ्यांना ही अडचण नाही, कारण त्यांची गाडी आधीपासूनच जमिनीवरून चालते.

इथे लेख संपवला असता तर बरं झालं असतं. फसवणारी कंपनी एका बाजूला, भोळे नाना दुसऱ्या बाजूला आणि मधे मी, हातात तराजू घेऊन. पण माझ्या 'छान आहे'चं काय? तेही अर्धंच वाक्य होतं. 'छान आहे' मी मोठ्यानं म्हणालो, 'पण पैशाच्या दृष्टीनं विचाराल तर जपून' हे खिशात ठेवलं, कारण चहा आला होता आणि नानांच्या चेहऱ्यावर आनंद होता. कंपनीनं पैशासाठी गिळलं ते मी भिडेखातर गिळलं. कंपनीच्या प्रमाणपत्रावर नानांचा जेवढा विश्वास होता, त्याहून माझ्यावर जास्त होता. माझ्यावर सोनेरी कडा नव्हत्या, एवढंच.

आणि खरं सांगायचं तर हीही माझी पहिली वेळ नव्हती. २०२२ च्या मार्चमध्ये आमच्या शाखेला विम्याच्या पॉलिस्यांचं टार्गेट होतं. बँकेत आम्ही पैसे सांभाळतो अशी लोकांची समजूत आहे. मार्चमध्ये आम्ही माणसं गाठतो. एक निवृत्त नर्सबाई मुदतठेव करायला आल्या होत्या. मी म्हणालो, "बाई, ही योजना एकतीस मार्चनंतर मिळणार नाही." शब्द न् शब्द खरा. एक एप्रिलला तीच योजना थोडी रंगरंगोटी करून दुसऱ्या नावानं आली, हे वाक्य माझ्या खिशात होतं. दोन वर्षांनी बाईंना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे लागले, तेव्हा मोडताना किती कापलं जातं ते त्यांना कळलं. त्या मला काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही तरी काय करणार?" हे वाक्य मात्र पूर्ण होतं. मी काय करू शकलो असतो, ते मला चांगलं माहीत होतं.

म्हणून मी आता स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. सराफ नाणं दगडावर वाजवून बघतो, तसं वाक्य वाजवून बघायचं: खिशातलं अर्धं बाहेर काढून जोडलं, तर समोरचा माणूस तरीही घेईल का? घेईल, तर खुशाल विका. किंमत वाट्टेल ती लावा, तो तुमचा आणि त्याचा प्रश्न. घेणार नाही असं वाटत असेल, तर तुम्ही विकताय ते नाणं नव्हे, त्याचं अज्ञान. कसोटी सोपी आहे. ती लावल्यापासून माझं टार्गेट मात्र एकदाही पुरं झालेलं नाही, हे अर्धं वाक्यही सांगून टाकतो.

नातीच्या फीसाठी मी नानांना आमच्याच बँकेतून शैक्षणिक कर्ज काढून द्यायचं ठरवलं. फॉर्म घेऊन बसलो आणि बारीक टायपातलं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं: शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चढतच राहतं, व्याजाचा दर बदलू शकतो, उशीर झाला तर दंड. केबिनमधून मॅनेजर दोनदा डोकावले. नानांनी सगळं ऐकून घेतलं, सही केली आणि म्हणाले, "अरे, तू इतकं खरं बोलायला लागलास तर तुझी बँक चालायची कशी?"

नाणी नानांनी विकली नाहीत. २०२५ साली चांदी भडकली तेव्हा त्यांनी मला मुद्दाम हाक मारून सांगितलं, "बघ, वर चाललीय!" मी म्हणालो, "चांदी चाललीय, नाना. डबे अजून तिथंच आहेत." हल्ली असं बोललं तरी ते रागावत नाहीत. डब्यांत आता त्यांच्या नातीची कानातली असतात. सोनेरी प्रमाणपत्रांच्या कोऱ्या पाठींवर नानांनी इमारतीच्या नोटिसा लिहून संपवल्या. पाणी बंद राहणार असल्याची एवढी प्रमाणित वार्ता दुसऱ्या कुठल्याच इमारतीत लागली नसेल.

आणि नाणी त्यांनी काचेच्या कपाटात ओळीनं मांडली आहेत. प्रत्येकाखाली स्वतःच्या हातानं लिहिलेली एकेक चिठ्ठी आहे. पंचाहत्तरच्या नाण्याखालची मी उतरवून घेतली. त्यांच्या त्या वळणदार, शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं आहे: 'एवढ्याला घेतलं. एवढ्याला जातं. आयाळ बघण्यासारखी आहे.' दोन्ही ठिकाणी आकडे घातलेले आहेत. दुसरा पेन्सिलीनं लिहिलाय, कारण चांदीचा भाव बदलतो.